दुधाची गाठ

वऱ्हाडात बाईच्या छातीत गाठ लागली की तिला एक ठरलेलं नाव मिळतं, दुधाची गाठ. बाळंतिणीच्या बाबतीत ते खरंही असतं. दूध साचतं, गाठ होते, शेकलं-पाजलं की उतरते. पण अमरावती-अकोल्याकडे हेच नाव मी नातवंडं खेळवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या बायांच्या गाठीलाही दिलेलं ऐकलं आहे. "काई नाई व माय, दुधाची गाठ आहे. दुखत नाई त कायले दाखवाचं?"

या एका वाक्यात दोन समजुती आहेत. एक, गाठीचा संबंध दुधाशी. दुसरी, दुखत नाही म्हणजे धोका नाही. दुसरी सरळसरळ चुकीची आहे, कारण स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. पहिलीची गोष्ट मात्र लांबलचक आहे. विज्ञानही एकेकाळी दुधाचाच माग काढत निघालं होतं आणि त्या वाटेवर एक मराठी बाई बरंच अंतर चालून गेली होती.

8 नोव्हेंबर 2021 ला मोबाइलवर गुगल उघडलं असेल, तर तुम्ही तिचं चित्र पाहिलं असेल. सूक्ष्मदर्शकापाशी बसलेली ती बाई म्हणजे डॉ. कमल रणदिवे. जन्म 1917 चा, पुण्याचा, माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा. एम.एस्सी. केलं ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून, आणि विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींमधली गुणसूत्रं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या पोरापोरींनी हे लक्षात ठेवावं. देशातल्या कर्करोग संशोधनाचा एक मोठा धागा शेतकी कॉलेजातून निघालेला आहे.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 मध्ये सुरू झालं होतं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली 1949 मध्ये त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. मग शिष्यवृत्तीवर अमेरिकेत, बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत जिवंत पेशी कशा वाढवायच्या, ही विद्या तिथे शिकता येत होती. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्ण स्त्रीच्या पेशी, तिला न विचारता, वाढवल्या गेल्या. 'हेला' नावाच्या त्या पेशी जगभर अजून वाढताहेत. रणदिवे ती विद्या घेऊन परतल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

आता दुधाकडे येऊ. 1936 मध्ये जॉन बिटनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जातींच्या उंदरांच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग हमखास होतो. त्यांची पिल्लं त्याने जन्मताच उचलून निरोगी जातीच्या मादीला पाजायला दिली. त्या पिल्लांमध्ये पुढे कर्करोगाचं प्रमाण खूप घटलं. म्हणजे रोग रक्तातूनच नव्हे, दुधातूनही उतरत होता. पुढे कळलं की तो एक विषाणू होता.

रणदिवेंचं काम याच कोड्याभोवतीचं. वेगवेगळ्या वाणांचे उंदीर पाळायचे, कोणाला गाठ होते आणि कोणाला नाही ते पाहायचं, आणि आनुवंशिकता, संप्रेरकं व विषाणू यांचा हिशेब मांडायचा. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचं नातं भारतात सर्वांत आधी मांडणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव येतं. उंदरांमध्ये एक गोष्ट उघड दिसायची. विषाणू दुधातून पहिल्याच दिवसांत जातो, पण गाठ लगेच येत नाही. मादी वयात येते, दोन-चार वेळा विते, मग गाठ दिसते. मधल्या काळात पेशींचं काय होत असतं?

माणसांत दुधाचा माग काढण्याचेही प्रयत्न झाले. मुंबईच्या पारशी स्त्रियांमध्ये या रोगाचं प्रमाण जास्त होतं. त्यांच्या दुधात तसा विषाणू सापडतो का, याचा शोध 1971 च्या 'नेचर'मध्ये छापून आला. त्याच्या लेखकांत मुंबईच्या सत्यवती सिरसाट होत्या. पण उंदरासारखा दुधातून उतरणारा विषाणू माणसात सिद्ध झाला नाही. उलट 2002 मध्ये 30 देशांतल्या 47 अभ्यासांचा एकत्रित हिशेब आला. बाई जितके महिने अंगावर पाजते, तितका तिचा धोका थोडा थोडा कमी होतो, दर 12 महिन्यांमागे सुमारे 4 टक्के. म्हणजे दूध गुन्हेगार नव्हतंच.

मग मधल्या काळाचं काय? त्याचा एक दुवा फार जुना आहे. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेवलं होतं की मठातल्या जोगिणींना हा रोग जास्त होतो. 1983 मध्ये माल्कम पाइक आणि सहकाऱ्यांनी त्याला गणिताची चौकट दिली. त्यांचं म्हणणं असं की बाईचं वय आणि तिच्या स्तनाचं वय एक नसतं. स्तनाचं घड्याळ पहिल्या पाळीला सुरू होतं, पहिल्या पूर्ण दिवसांच्या बाळंतपणानंतर मंदावतं आणि पाळी गेल्यावर आणखी मंदावतं. 2013 मध्ये स्टीव्ह होर्व्हाथ यांनी डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून ऊतींचं वय मोजायची रीत काढली, तेव्हा निरोगी स्तनाची ऊती त्याच बाईच्या बाकी शरीरापेक्षा दोन-तीन वर्षांनी म्हातारी निघाली.

पेशी म्हातारी होते म्हणजे नेमकं काय होतं? दुधाच्या नलिकेला पेशींचे दोन थर असतात. आतला थर दूध तयार करणारा, बाहेरचा आकुंचन पावून ते पुढे ढकलणारा. कॅलिफोर्नियात मार्था स्टॅम्फर आणि मार्क लाबार्ज यांनी वेगवेगळ्या वयाच्या स्त्रियांच्या निरोगी पेशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्या. वय वाढतं तसा बाहेरचा थर विरळ होतो आणि आतल्या पेशी आपलं ठरलेलं काम विसरून बाहेरच्यांचे गुण दाखवू लागतात. अशा गोंधळलेल्या पेशींत बिघाड रुजायला जागा मिळते, असा त्यांचा कयास. मुंबईत रणदिवेंनी सुरू केली ती पेशी वाढवायची विद्याच इथेही कामी आली.

वऱ्हाडासाठी या सगळ्याचा अर्थ मला फार व्यवहाराचा वाटतो. गाठ झालेल्या बाईला आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "तू काय केलं होतं?" दूध लवकर तोडलं का, कोणाची नजर लागली का. शंभर वर्षांच्या संशोधनाचं उत्तर असं की वय हेच सर्वांत मोठं कारण, आणि वय वाढणं हा कोणाचा अपराध नाही. पण वय वाढलं की तपासावं लागतं.

त्यासाठी मोठं यंत्र लागतंच असं नाही. 1998 मध्ये टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखावर बायांना घेऊन एक चाचणी सुरू केली. दहावी शिकलेल्या बायांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी स्तन तपासले. 2021 मध्ये निकाल आला. पन्नाशीपुढच्या बायांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आतल्या बायांमध्ये तसा फरक दिसला नाही. इथेही वयच बोललं.

रणदिवे निवृत्तीनंतर आदिवासी मुलांच्या पोषणाचं काम करायला गेल्या ते नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात. इंग्रजीत ते बरेचदा 'अकोला' छापलं जातं, पण ते आपलं अकोला नव्हे. आपल्याकडे त्यांची विद्या पोचवायची ती आशाताईंनी आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी. तीस वर्षांवरच्या बाईची स्तनतपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, फुकट आहे. गाठ निघाली तर पुढे अकोल्याचं संत तुकाराम कॅन्सर हॉस्पिटल आहे, नागपूरला राष्ट्रसंतांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. मोझरीचे तुकडोजी महाराज 1968 मध्ये कर्करोगानेच गेले. त्यांना कोणी विचारलं नाही, महाराज, तुम्ही काय केलं होतं?