पेनिसिलीनची कीर्ति आणि तिचे वाटेकरी

कीर्तीच्या वाटा अनेक आहेत. कोणी ती कर्तृत्वानें मिळवितो, कोणाला ती दैवानें लाभते, तर कोणाच्या वांट्याला ती जन्मभर कष्ट करूनहि येत नाहीं. पेनिसिलीनच्या इतिहासांत या तिन्ही वाटा एकत्र आलेल्या दिसतात आणि हा इतिहास पुण्याजवळील पिंपरीपर्यंत येऊन पोंचतो.

सन १९२८ च्या सप्टेंबरांत लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतु वाढविण्याच्या एका बशींत बुरशी आलेली दिसली. तिच्याभोंवतींचे जंतु नाहींसे झाले होते. त्यांनीं तिचा अभ्यास करून १९२९ मध्यें निबंध प्रसिद्ध केला. परंतु त्या बुरशींतील औषधी द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें काढणें त्यांना साधलें नाहीं, आणि शोध जवळजवळ दहा वर्षें पडून राहिला.

तो उचलला ऑक्सफर्डच्या मंडळींनीं. हॉवर्ड फ्लोरी व अर्न्स्ट चेन यांच्याबरोबर काम करणाऱ्या नॉर्मन हीटली यांनीं तें द्रव्य काढण्याची रीत बसविली. युद्धाच्या टंचाईंत त्यांनीं रुग्णालयाच्या बेडपॅनांतहि बुरशी वाढविली. २५ मे १९४० रोजीं आठ उंदरांना घातक जंतु टोचण्यांत आले. दुसऱ्या दिवशीं औषध न दिलेले चारहि मेले होते. औषध दिलेले चारहि जिवंत होते. १९४१ मध्यें एका पोलीस शिपायाला हें औषध दिलें तेव्हां त्यास उतार पडूं लागला. पण औषध संपलें आणि तो दगावला.

१९४५ चें नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन या तिघांना मिळालें. लोकांच्या तोंडीं मात्र एकट्या फ्लेमिंग यांचेंच नांव राहिलें. हीटलींना ऑक्सफर्ड विद्यापीठानें वैद्यकाची सन्माननीय डॉक्टरेट दिली, ती १९९० मध्यें!

मग फ्लेमिंग यांची कीर्ति खोटी म्हणावी काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. दैवानें पुढें केलेली बशी ओळखण्यास तयार दृष्टि लागते. पण नुसत्या शोधानें रोगी वांचत नाहीं, हें त्या शिपायाच्या मृत्यूनें दाखविलें. औषध पुरेसें निर्माण करणाराहि तितकाच प्राणदाता होय.

पिंपरीचें महत्त्व येथेंच आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें १९५४ मध्यें तेथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि १९५५ मध्यें पेनिसिलीनचें उत्पादन सुरू झालें. पुढें तेथील संशोधक एम्. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं बुरशीजन्य रोगांवरील हमायसीन हें औषध शोधून काढलें. ज्या सूक्ष्मजीवापासून तें मिळालें त्यास स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना असें नांव आहे. गांवाचें नांव शास्त्रांत अमर झालें. शोधकाचें नांव त्या गांवांतहि थोड्यांनाच ठाऊक असेल.

कीर्ति बहुधा अपात्रीं पडत नाहीं. ती अपुरी वांटली जाते. थोरांचें नांव पुसण्यापेक्षां त्यांच्या शेजारीं राहिलेलीं नांवें लिहिणें, हाच खरा न्याय.