कुलुपांतील तारा आणि उतरलेला खर्ज

गवय्यानें मालकंस गावयाचें योजिलें, म्हणजे तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणावी लागते. खुंटी थोडी पिळली, घोडीमागचा मणी किंचित् सरकवला, कीं काम झालें. विजेच्या गिटारचे वादक आपल्या वाद्यावर असेंच करीत. परंतु १९७९ सालीं पेटंट मिळालेल्या एका शोधानें त्यांतील पुष्कळांची ही सोय हिरावून घेतली. तो शोध त्यांनीं स्वखुषीनें स्वीकारला होता, हें यांतलें नवल.

गिटारच्या सहा तारांपैकीं सर्वांत जाड तार ई या स्वराला, म्हणजे सेकंदास सुमारें ८२.४ कंपनांना लावतात. ती एक पूर्ण स्वर उतरवून डी, म्हणजे ७३.४ कंपनांवर आणली असतां खर्जाला निराळेंच वजन येतें, आणि तीन जाड तारा एकाच बोटानें दाबून षड्ज-पंचमाची भरदार जोडी काढतां येते. ही युक्ति कांहीं रॉकवाल्यांची नव्हे. स्पेनचा फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) यानें आपली ‘काप्रिचो आराबे’ ही रचना याच मेळासाठीं लिहिली. पुढें अमेरिकेंत बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यानें १९५१ च्या ‘अर्ल्स ब्रेकडाउन’मध्यें वाजवतां वाजवतां तार उतरवून पुन्हा चढविली, आणि वाद्याच्या शिरावर जादा कळाही बसविल्या. बिल कीथ यानें त्यानंतर खुंटींतच वरचा व खालचा असे दोन अटकाव योजून ही कळ अधिक नेमकी केली. सारांश, झटपट स्वर उतरविण्याचें यंत्र खुंटीपाशीं जन्मलें.

परंतु खुंटीच निरुपयोगी झाली तर?

लिओ फेंडर यानें १९५४ मध्यें स्ट्रॅटोकास्टर गिटार बाजारांत आणली. तिची घोडी दांड्यानें हलवितां येई. एका बाजूस तारांची ओढ, दुसऱ्या बाजूस पाठीमागील स्प्रिंगांची, असा तो तराजू होय. दांडा दाबला कीं सर्व तारा सैल होऊन स्वर खालीं घसरे. सोडला कीं परत येई. तो नेमका मूळ जागीं मात्र येत नसे! मानेच्या टोकाशीं असलेल्या नट नांवाच्या पट्टींत तारा अडखळत, खुंटीवरील वेढे सरकत, आणि वाद्य बेसूर होई. फ्लॉइड रोझ या वादकाला १९७६ सालीं याच त्रासानें पछाडलें. दागिने घडविण्याचा त्याला अनुभव होता, बारीक हत्यारें हाताशीं होतीं. त्यानें पितळेचा नट करून तीन चिमट्यांनीं तारा तेथेंच आवळून टाकल्या. पुढें घोडीकडील टोकेंही त्यानें जखडलीं. घर्षणाला जागाच उरली नाहीं. मग दांडा कितीही दाबावा, तार आपल्या स्वरावर येऊन बसे. बारीक फरकासाठीं घोडीवर लहान स्क्रू आले. तंबोऱ्याच्या मण्यांचें काम तेच.

याची किंमत लवकरच कळली. खुंटी आतां कुलुपापलीकडे राहिली. खर्जाची तार उतरवावयाची तर षट्कोनी किल्ली शोधा, चिमटा सोडा, तार लावा, पुन्हा आवळा. भर मैफलींत हें कोण करणार? डीमधील एका गाण्यासाठीं दुसरी गिटार जवळ बाळगणें प्राप्त झालें.

यावर उपाय काढला तो एडी व्हॅन हेलन यानें. १९५५ मध्यें ॲम्स्टरडॅम येथें जन्मून कॅलिफोर्नियांत वाढलेला हा वादक (मृत्यु २०२०) रोझच्या घोडीचा पहिल्या पुरस्कर्त्यांपैकीं एक. १९८१ चें ‘अनचेन्ड’ हें त्याच्या वाद्यवृंदाचें गीत खर्ज उतरवूनच वाजविलेलें आहे. त्याची ‘डी-ट्यूना’ ही कळ १९९६ मध्यें पीव्ही कंपनीच्या वुल्फगँग गिटारवर आली. रोझच्या घोडींत तार पकडणारा एक लांब स्क्रू मागें डोकावतो. त्याच्या जागीं ही लहानशी नळी बसते. ती बाहेर ओढली कीं तार किंचित् ढिली पडून ई चा डी होतो. आंत ढकलली कीं ई परत. कुलूप न उघडतां, क्षणार्धांत.

येथें तराजूची आठवण ठेवली पाहिजे. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. म्हणून ई वरून डी वर येतांना त्या तारेचा ताण सुमारें एक-पंचमांशानें घटतो. नेहमींच्या ०.०४६ इंची तारेवर हा फरक साडेतीन पौंडांच्या आसपास भरतो. घोडी अधांतरीं तरंगत असेल, तर स्प्रिंगा तेवढ्यानें तिला मागें खेंचतात. मग उरलेल्या पांचही तारा चढतात आणि एक स्वर साधतांना पांच बिघडतात. व्हॅन हेलनची घोडी गिटारच्या अंगावरच टेकलेली असे. तिला मागें जावयास वावच नव्हता. त्याचें यंत्र त्याच्या हातीं बिनचूक चाले तें यामुळें. पण अशी घोडी केवळ स्वर उतरवूं शकते, दांडा वर ओढून चढवूं शकत नाहीं. कित्येक वादक दोष कळेवर ठेवतात; तो वस्तुतः तिच्यावर नाहीं.

दोन्ही हवें असणाऱ्यांसाठीं पुढें पाठीमागच्या पोकळींत बसणारे अडसर निघाले. ते आवळले कीं घोडी स्थिर, सैल केले कीं पुन्हा तरंगती. आवळलेल्या अवस्थेंत डी-ट्यूना निर्धास्त ओढावी. मात्र घोडी लांकडांत खोल बसविलेली असेल, तर ओढलेली नळी कांठावर अडते, आणि त्या गिटारच्या मालकाला कानस हातीं घ्यावी लागते.