कोयनेच्या भेगा
पुनःपुन्हा हादरे बसल्यावर काँक्रीट कसे खचते, याची कसोटी जगभरचे अभियंते कुठे पाहतात? आम्हा सावनेरकरांपासून दूर, पण आपल्याच राज्यात!

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. १०३ मीटर उंचीचे धरण टिकले, परंतु त्याच्या उंच खंडांना आडव्या भेगा पडल्या. त्या मुख्यत्वे जिथे मागील बाजूचा उतार एकाएकी बदलतो, त्याच पातळीवर होत्या.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हेवा वाटावा अशी साधने येथे आहेत : भेगा, आणि धरणातीलच यंत्राने टिपलेला कंपनांचा आलेख. कारण आणि परिणाम, दोहोंची नोंद एकाच स्थळी. म्हणूनच ली आणि फेन्व्हीस यांनी १९९८ मध्ये आपले गणित कोयनेवरच पारखले.

ते गणित सांगते : ताणाने भेग उघडली की काँक्रीटचा ताठपणा घटतो. भार उलटताच भेग मिटते आणि दाब पेलण्यापुरता तो बराचसा परततो. ताण पेलण्याची गमावलेली शक्ती मात्र परतत नाही. हेलकाव्यागणिक हानी साचते.

संगणक-प्रणालींच्या नमुना-उदाहरणांत कोयना आजही भेटते. उंची, रुंदी आणि कंपनांचा आलेख, एवढीच तिची तिथली ओळख. प्रत्यक्षातील धरणाला मागाहून काँक्रीटचे टेकू देण्यात आले.