दिनविशेष : ३ एप्रिल १९८४

स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा ‘सोयूझ टी-११’ या यानातून बैकानूर तळावरून अंतराळात झेपावले. असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ते हवाई दलाचे वैमानिक. शर्मांचा जन्म पतियाळाचा असला तरी सैनिकी घडणीची सुरुवात महाराष्ट्रातली. १९६६ मध्ये ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. लष्कर, नौदल आणि हवाई दल, तिघांचेही छात्र तिथे एकत्र शिकतात. १९७१ च्या युद्धात त्यांनी मिग-२१ चालवले.

‘सॅल्यूत-७’ या अंतराळ स्थानकावर त्यांनी भारतीय भूभागाची छायाचित्रे घेतली, वजनरहित अवस्थेत योगासनेही केली. ‘वरून भारत कसा दिसतो?’ या पंतप्रधान इंदिरा गांधींच्या प्रश्नाला दिलेले ‘सारे जहाँ से अच्छा’ हे उत्तर तर सगळ्यांना पाठच आहे. मुक्काम जेमतेम आठवडाभराचा. ११ एप्रिलला ते परतले. पुढे अशोकचक्र मिळाले.

त्यानंतरचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. १९८७ मध्ये विंग कमांडर म्हणून निवृत्त झाल्यावर ते हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये आले आणि १९९२ पर्यंत नाशिक विभागाचे मुख्य चाचणी वैमानिक होते. अंतराळ पाहून आलेला माणूस नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीवरून मिग विमाने पारखत होता!