पुरूचं तारुण्य

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला मराठी कादंबरीचा इतिहास शिकवताना फडके-खांडेकरांसाठी मी तीन तासिका राखून ठेवत असे. पहिलीत 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद, दुसरीत फडक्यांचं तंत्र, तिसरीत खांडेकरांचा ध्येयवाद, त्यांच्या उपमा आणि सुभाषितं. घंटा व्हायला दहा मिनिटं उरली की 'ययाती'. त्याबद्दलचं माझं वाक्य ठरलेलं होतं: हे जुनेच खांडेकर आहेत, फक्त पौराणिक वेषात. मुलं ते लिहून घेत आणि परीक्षेत जसंच्या तसं उतरवत. मी त्यांना भरघोस गुण देत आलो.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका चर्चासत्रासाठी चेन्नईला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत एका वृद्ध तमिळ प्राध्यापकांनी मी मराठी आहे हे कळताच उत्साहाने 'काण्डेकर!' असा उच्चार केला. तमिळमध्ये खांडेकर आणले ते का. श्री. श्री. या नावाने लिहिणाऱ्या श्रीनिवासाचार्यांनी. तिकडच्या एका पिढीने ते इतके आपलेसे केले की पुष्कळांना ते तमिळ लेखकच वाटत. हे मला ऐकून माहीत होतं, मी ते वर्गात गंमत म्हणून सांगतही असे. पण या गृहस्थांनी पुढे जो प्रश्न विचारला त्याची तयारी माझ्याकडे नव्हती. 'क्रौंचवध' लिहिणारा माणूस 'ययाती'पर्यंत कसा पोचला? मधे त्याला काय झालं? मी सांबार वाढून घेत काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं.

घरी आल्यावर तारखा मांडल्या. पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' १९३० ची. त्यानंतर 'कांचनमृग', 'उल्का', 'दोन ध्रुव', 'हिरवा चाफा', 'दोन मने', 'रिकामा देव्हारा' अशी रांगच लागते. १९४२ ला 'क्रौंचवध' येते आणि कादंबरीकार थांबतो. पुढची 'अश्रू' यायला अकरा-बारा वर्षं जावी लागली. 'ययाती' १९५९ ची. कथा, लघुनिबंध, रूपककथा हे सगळं मधल्या काळात चालू होतं; कादंबरी तेवढी नव्हती. वर्षाला एक, कधी दोन कादंबऱ्या देणारा आणि हातोहात खपणारा लेखक ऐन चव्वेचाळिशीत हा प्रकार बाजूला ठेवतो, याचं मला इतकी वर्षं काहीच वाटलं नव्हतं.

'क्रौंचवध'मधला दिलीप देशासाठी स्वतःला पणाला लावणारा तरुण आहे. त्या आधीच्या कादंबऱ्यांतही हा तरुण वेगवेगळ्या नावांनी भेटतो. तो कुठून आला, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं खांडेकर शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये होते. वेंगुर्ल्याकडून आलं की अलीकडे आरवली, पुढे शिरोडा, मिठागरं आणि समुद्र. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला. देशभरातून आलेली माणसं कायदा मोडताना आणि लाठ्या खाताना या गावाने पाहिली. ध्येयवादी नायक कृत्रिम वाटतो असं मी शिकवायचो. पण शिरोड्याच्या मास्तरांना तो वर्तमानपत्रातून कळलेला नव्हता, तो त्यांच्या किनाऱ्यावर येऊन गेला होता.

१९३८ साली ते कोल्हापूरला आले. त्याआधीच, १९३६ मध्ये, मास्टर विनायकांच्या 'छाया'ची कथा त्यांनी लिहिली होती; पुढे 'ज्वाला', 'देवता', 'अमृत' आले. (ज्यांच्याशी कलेवरून वाद, ते फडकेही तेव्हा याच गावात राजाराम कॉलेजात शिकवत होते. मराठीतला एवढा मोठा वाद एका गावात मावला, याची मला अजून मौज वाटते.) १९४१ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. वरवर पाहता सगळं चढतं होतं. पण दशक पुढे सरकलं तसं चित्र पालटलं. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्य मिळून चार दिवस होतात तोच विनायक गेले. १९४८ मध्ये गांधींच्या खुनानंतर कोल्हापुरात घरं जळाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. ज्या पिढीने मीठ उचललं होतं ती सत्तेवर आली आणि पाहता पाहता प्रौढ झाली. 'अश्रू'त पुन्हा एक शिक्षक येतो, पण हा आता कुणाला हाक देत नाही. पगारात संसार भागवणं हीच त्याची लढाई आहे.

आणि मग 'ययाती'. कच-देवयानीची गोष्ट मराठी प्रेक्षकाला खाडिलकरांच्या १९१३ च्या 'विद्याहरण'पासून पाठ होती. खांडेकर तिथे थांबले नाहीत, पुढे सरकले आणि ययाती, देवयानी, शर्मिष्ठा या तिघांना आलटून पालटून बोलायला लावलं. कादंबरीचा अर्थ त्यांनी स्वतःच सांगून ठेवला आहे: आजचा भोगामागे धावणारा माणूस म्हणजे ययाती. अभ्यासकांनी तो उचलला, मीही उचलला. लेखक आपला अर्थ स्वतः सांगतो तेव्हा शिक्षकाचं काम फारच सोपं होतं.

या वेळी मात्र मी पुस्तक शेवटाकडून वाचलं, म्हणजे पुरूपासून. महाभारतात पुरू तारुण्य देतो आणि ययाती हजार वर्षं सुखोपभोग घेतो; तृप्ती होत नाही हे त्याला हजार वर्षांनी कळतं. खांडेकरांनी ही हजार वर्षं जवळजवळ पुसून टाकली आहेत. तारुण्य हाती येतं, ते कुणाचं आहे हे उमगतं आणि ययाती कोसळतो. कथेतला हा बदल लहान नाही. प्रश्न वासना शमते की नाही एवढाच असता, तर हजार वर्षं ठेवणं सोयीचंच होतं. तोच तर मूळ कथेचा पुरावा आहे. खांडेकरांना दुसरंच काही दाखवायचं असावं: बापाने मुलाकडे काय मागितलं, आणि ज्याच्या राज्यात आपल्या आईला थारा मिळाला नाही त्याच बापाला मुलगा ते देऊन मोकळा होतो. सतरा वर्षांपूर्वीचा दिलीप तरुणपण देशावर ओवाळून टाकत होता. इथे तेच तरुणपण एक म्हातारा स्वतःसाठी मागून घेतो. १९५९ साली हे लिहिणारा माणूस एकसष्ट वर्षांचा होता आणि त्याच्या डोळ्यांपुढे दिलीपची पिढी बापाच्या वयात आली होती.

आणखी एक गोष्ट सांगतो. चरित्रावरून कादंबरी उलगडणं धोक्याचं असतं, हे मी मुलांना बजावत आलो आहे, तेव्हा ही गोष्ट पुरावा म्हणून घेऊ नये. वि. स. खांडेकर हे जन्माने विष्णू नव्हते आणि सखारामपंतांचे मुलगेही नव्हते. १८९८ मध्ये सांगलीत जन्मलेल्या या मुलाचं नाव गणेश आत्माराम. १९१६ साली तो कोकणातल्या चुलत्यांना दत्तक गेला आणि वयाच्या अठराव्या वर्षी त्याचं नाव बदललं, बापाचं नाव बदललं, गाव बदललं. पुण्यातलं कॉलेज सुटलं ते सुटलंच. 'एका पानाची कहाणी'मध्ये हे सगळं आहे. मोठ्यांच्या गरजेपोटी एका तरुणाचं आयुष्य इकडून तिकडे देता येतं, हे त्यांना महाभारतात शोधावं लागलं नसेल.

'ययाती'ला १९६० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६८ मध्ये पद्मभूषण, आणि १९७४ चं ज्ञानपीठ, मराठीतलं पहिलं. तोवर दृष्टी गेली होती. लेखन सांगून लिहवून घ्यावं लागे. २ सप्टेंबर १९७६ ला मिरजेत ते गेले. ज्ञानपीठामुळे 'ययाती' घराघरांत पोचली हे खरं, पण माझ्यासारख्यांच्या मनात तिच्याविषयी थोडी अढीही बसली. लोकांना इतकं आवडतं आणि पुरस्कारही मिळतात, म्हणजे त्यात काहीतरी सोपं असणार, असं आमच्या पिढीच्या मास्तरांना मनातून वाटायचं. सुभाषितांचा सोस 'ययाती'तही आहे, नाही असं नाही. देवयानी आणि शर्मिष्ठा कधी कधी एकाच आवाजात बोलतात, हा दोष मला आजही खटकतो. पण जुनेच खांडेकर, पौराणिक वेषात? नाही.

गेल्या जूनमध्ये माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता तो स्वतः एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. "सर, फडके-खांडेकरांच्या तुमच्याच नोट्स अजून वर्गात देतो मी," असं त्याने मोठ्या प्रेमाने सांगितलं. मी म्हटलं, त्यातलं शेवटचं पान फाडून टाक. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "मग 'ययाती'ला किती तास देऊ?"