चाल चॅप्लिनची, स्वरलेखन दुसऱ्याचं

३० जानेवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ‘सिटी लाइट्स’ पहिल्यांदा दाखवला गेला. बोलपट येऊन तीन वर्षं उलटून गेली होती, तरी चार्ली चॅप्लिनने त्यात संवाद घेतले नव्हते. लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नायक तोच, याची प्रेक्षकांना सवय होती. श्रेयनामावलीत नवी होती ती एक ओळ : संगीत चार्ल्स चॅप्लिन. शिवाय आणखी दोन नावं होती, संयोजक आर्थर जॉन्स्टन आणि वाद्यवृंद-संचालक आल्फ्रेड न्यूमन. चॅप्लिनला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. मग ‘संगीत चार्ल्स चॅप्लिन’ या शब्दांवर किती विश्वास ठेवायचा?

याची उत्तरं सहसा दोन टोकांची मिळतात. भक्तांच्या लेखी सगळं चार्लीचंच. संशय घेणाऱ्यांच्या लेखी तो नुसता गुणगुणायचा आणि पगारी माणसं संगीत करायची. कागद मात्र शिल्लक आहेत. ते जपून वाचले तर ही दोन्ही उत्तरं टिकत नाहीत.

चॅप्लिनचं आत्मचरित्र १९६४ चं, म्हणजे पंचाहत्तरीतलं. उतारवयातल्या आठवणी एकट्या पुराव्याला पुरत नाहीत. सोळाव्या वर्षापासून आपण रोज चार ते सहा तास व्हायोलिन आणि चेलो घोटत होतो, नाटक कंपनीच्या दौऱ्यांत थिएटरच्या वाद्यवृंद-संचालकाकडून धडे घेत होतो, डावखुरे असल्याने वाद्याच्या तारा उलट्या लावून घेतल्या होत्या, असं तो त्यात सांगतो. इथे इतर साक्षी त्याच्या बाजूने आहेत. फ्रेड कार्नोच्या कंपनीत त्याच्याबरोबर अमेरिकेत फिरलेल्या स्टॅन लॉरेलने उलट्या तारांच्या व्हायोलिनची आठवण सांगितली आहे, आणि तरुण चॅप्लिन चेलो वाजवत असल्याची छायाचित्रंही आहेत.

१९१६ ची छापील गाणी हा त्याहून भक्कम पुरावा. त्या वर्षी त्याने एका भागीदाराबरोबर संगीतप्रकाशनाची कंपनी काढली. ‘ओ! दॅट चेलो’ आणि ‘द पीस पट्रोल’ या रचना तिथल्याच. दोन हजार प्रती छापल्या आणि तीन खपल्या, असं तो स्वतः लिहितो. रचना वाईट होत्या, हेही तोच कबूल करतो. स्वतःच्या फजितीचा आकडा लिहून ठेवणाऱ्या माणसाची साक्ष मला एरवीपेक्षा अधिक वजनाची वाटते. १९२५ मध्ये त्याची आणखी दोन गाणी एब लायमनच्या वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केली. त्यातल्या एकाचं नाव ‘विथ यू, डिअर, इन बॉम्बे’. मुंबई त्याने तोवर पाहिलेली नव्हती. ‘सिटी लाइट्स’च्या आधी पंधरा वर्षं हा माणूस चाली बांधत होता, एवढं यावरून नक्की ठरतं.

मग चित्रपटांना संगीत द्यायला १९३१ का उजाडावं लागलं? कारण तांत्रिक होतं. मूकपटाबरोबर काय वाजवायचं ते थिएटरचा वादक किंवा वाद्यवृंद ठरवी. निर्मात्याकडून सूचनांचा एक कागद जाई, पण गावागणिक वादक बदलत आणि त्यांच्याबरोबर संगीतही. ध्वनिपट्टी आल्यावर प्रत्येक थिएटरात तेच स्वर, त्याच क्षणी वाजणार होते. चॅप्लिनने बोलणं नाकारलं, पण ही पट्टी संगीतासाठी ताब्यात घेतली. हे त्याला परवडलं, कारण ला ब्रिया अव्हेन्यूवरचा स्टुडिओ त्याच्या मालकीचा होता, पैसा त्याचाच होता आणि वितरण करणाऱ्या युनायटेड आर्टिस्ट्सच्या १९१९ मधल्या चार संस्थापकांपैकी तो एक होता. घाई करा म्हणणारा कोणी मालक त्याच्या डोक्यावर नव्हता.

जॉन्स्टनचा वाटा चॅप्लिनने दडवला नाही. आपण फक्त ‘ला ला’ करत होतो, लिहून काढलं जॉन्स्टनने, तेव्हा त्याला श्रेय द्या, असं त्याने त्याच सुमारास एका वार्ताहराला सांगितलं. मात्र एक चाल दोघांचीही नव्हती. फुलं विकणाऱ्या आंधळ्या मुलीची धून म्हणजे स्पॅनिश संगीतकार होसे पादियाचं ‘ला व्हियोलेतेरा’. पादिया न्यायालयात गेला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. चित्रपटातली सर्वांत लक्षात राहणारी धून उसनी होती, हे चॅप्लिनवर प्रेम करणाऱ्यांनी मान्य करायला हवं.

सर्वांत समृद्ध पुरावा ‘मॉडर्न टाइम्स’चा आहे. १९३५ च्या उन्हाळ्यात डेव्हिड रॅक्सिन नावाचा जेमतेम तेवीस वर्षांचा संयोजक चॅप्लिनकडे रुजू झाला. तो मतं ठामपणे मांडायचा, आणि मालकाला त्याची सवय नव्हती. दीड आठवड्यात त्याला काढून टाकलं. न्यूमनने त्याची टिपणं पाहिली आणि त्याला परत घ्यायला लावलं. परतण्याआधी रॅक्सिनने चॅप्लिनला स्पष्ट सांगितलं : होयबा हवा असेल तर मी नको. पुढचे महिनोन्‌महिने दोघं पियानो असलेल्या प्रोजेक्शनच्या खोलीत चित्रपट तुकड्यातुकड्याने चालवत बसत. चॅप्लिन शीळ घाली, गुणगुणे, पियानोवर बोटांनी सूर शोधी. रॅक्सिन लिहून घेई, वाढवी, वाद घाली. एखाद्या प्रसंगी थोडा गर्श्विन बरा वाटेल, असं चॅप्लिन सुचवी, आणि तसा एक स्वरसमूह त्या संगीतात खरोखर ऐकू येतो.

हा सारा वृत्तांत रॅक्सिनने लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या त्रैमासिकात १९८३ मध्ये लिहिला. मधल्या अर्धशतकात तो ‘लॉरा’ या चित्रपटाचा संगीतकार म्हणून स्वतः मोठा झाला होता. चॅप्लिन केव्हाच वारला होता. ‘सगळं मीच केलं’ असं लिहायला रॅक्सिनला कोणाची आडकाठी नव्हती, आणि एकदा नोकरीवरून काढलं गेल्याचा राग धरायला कारणही होतं. तरी त्याने लिहिलं ते उलट : चॅप्लिन नुसता गुणगुणणारा धनी नव्हता, संगीताच्या घडणीत तो अखेरपर्यंत सहभागी होता. विरुद्ध बोलण्याची सोय असताना बाजूने दिलेली ही साक्ष मी निर्णायक मानतो. शिवाय हस्तलिखितं उरली आहेत. त्यांच्या आधारे संगीतकार टिमोथी ब्रॉकने पुढे या संगीताच्या प्रयोगसंहिता पुन्हा उभ्या केल्या.

मराठी वाचकाला ही कामाची वाटणी परकी वाटू नये. मुंबईच्या चित्रपटसंगीतात चाल एकाची आणि तिचं स्वरलेखन, वाद्ययोजना दुसऱ्याची, हा रिवाजच होता. शंकर-जयकिशन यांच्याकडे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा होते, सी. रामचंद्र यांच्याकडे चिक चॉकलेट. म्हणून चालीचा धनी बदलत नाही. पण संयोजकांची नावं पुसून टाकणंही चूक आहे, आणि ती चूक हॉलिवूडने केली तशी आपणही केली.

नुसत्या श्रेयाच्या कागदांवर तर भरवसा ठेवूच नये. ‘द गोल्ड रश’ १९४२ मध्ये चॅप्लिनच्या संगीतासह पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा संगीताच्या ऑस्कर नामांकनावर नाव होतं ते मॅक्स टेर या सहकाऱ्याचं. ‘मॉडर्न टाइम्स’मधल्या धुनेला १९५४ मध्ये जॉन टर्नर आणि जेफ्री पार्सन्स यांनी शब्द दिले आणि ‘स्माइल’ हे गाणं झालं. शब्दही चॅप्लिनचेच, असा समज अजून आढळतो. ‘लाइमलाइट’ १९५२ चा. त्याच्या प्रदर्शनासाठी चॅप्लिन इंग्लंडला निघाला आणि बोट समुद्रात असतानाच अमेरिकेने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. लॉस एंजेलिसमध्ये हा चित्रपट लागला तो थेट १९७२ मध्ये, त्यामुळे त्याच्या संगीताला ऑस्कर मिळालं १९७३ मध्ये. स्पर्धेत जिंकलेलं चॅप्लिनचं हे एकमेव ऑस्कर, आणि ते संगीताचं. पुरस्कारावर त्याच्यासह रेमंड रॅश आणि लॅरी रसेल ही नावं होती. ते दोघंही तोवर हयात नव्हते.

स्वित्झर्लंडमध्ये चॅप्लिन जुन्या मूकपटांना संगीत देत राहिला, तेव्हा लिहून घ्यायला पियानिस्ट एरिक जेम्स असे. ‘द सर्कस’च्या नव्या आवृत्तीत सुरुवातीचं गाणं चॅप्लिनने ऐंशीच्या घरात स्वतः गायलं. १९२३ च्या ‘अ वुमन ऑफ पॅरिस’चं संगीत १९७६ मध्ये पुरं झालं. तेव्हा तो सत्त्याऐंशी वर्षांचा होता, प्रकृती ढासळली होती. त्यामुळे ‘मॉडर्न टाइम्स’बद्दल रॅक्सिनने दिलेली साक्ष १९७६ ला लागू करता येत नाही. त्या अखेरच्या संगीतात जेम्सचा हात किती होता, हे त्या चित्रपटाच्या कागदांवरूनच वेगळं ठरवावं लागतं.