हत्यार मोकळे झाले, दाखल्याचे काय?

कारागिराच्या इतिहासात दोन प्रश्न नेहमी उभे राहतात. हत्यार कोणाचे, आणि कसबाचा दाखला कोणी द्यावयाचा? १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स जाहीर केले. १९९२ साली ते जीपीएल परवान्याखाली आले. ज्याला हवे त्याने ते वापरावे, उघडून पाहावे, सुधारावे. पहिला प्रश्न असा सुटला.

परंतु यंत्र आले की ते राखणारा लागतोच. सर्व्हरवर खाती उघडणे, परवानग्या लावणे, माहितीच्या नकला जपणे, बंद पडलेले यंत्र मध्यरात्री चालू करणे, हे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरचे काम. आरंभी ही मंडळी पुस्तिका वाचून, एकमेकांस विचारून शिकली. १९९९ च्या सुमारास रेड हॅट या अमेरिकन कंपनीची आरएचसीई परीक्षा सुरू झाली व तिच्या तयारीचे वर्ग निघाले. त्याच साली कोणा एका कंपनीशी न बांधलेली लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट स्थापन झाली.

रेड हॅटच्या परीक्षेत चालत्या यंत्रावर काम करून दाखवावे लागते. फिटरच्या कसोटीसारखीच ही न्याय्य रीत होय. मात्र फिटरचा आयटीआय दाखला जन्मभर चालतो. आरएचसीईची मुदत तीन वर्षांची, इन्स्टिट्यूटच्या दाखल्याची पाच. तंत्र बदलते, तेव्हा उजळणी हवीच. पण तिची फी आणि वेळ कोणाच्या पदरचा? उजळणी धंद्याच्या गरजेने होत असेल, तर तिचे कलम वेतनकरारात आलेच पाहिजे.